पहिल्या उड्डाणापूर्वीच्या टॅक्सी चाचण्या : घरी बांधलेल्या एका टेलड्रॅगर विमानाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण घरी बांधलेल्या, दोन आसनांच्या, धातूच्या विमानाचे आहे. टॅक्सी चाचणी म्हणजे विमान न उडवता, त्याच्याच इंजिनावर जमिनीवर चालवून किंवा धाववून पाहणे. संबंधितांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. विमानाचे पंख खालच्या बाजूला असून मुख्य चाके पोलादाच्या लवचिक पायांवर बसवलेली आहेत. शेपटीखाली टेलव्हील हे छोटे चाक आहे; अशा विमानाला टेलड्रॅगर म्हणतात. ते चाक साखळी आणि स्प्रिंग यांनी रडरला, म्हणजे वैमानिकाच्या पायांखालच्या पेडलांनी हलणाऱ्या शेपटीवरच्या उभ्या सुकाणूला, जोडलेले आहे. ठरावीक कोनापर्यंत ते पेडलांचे ऐकते आणि त्यापलीकडे गेल्यास सुटून मोकळे फिरते. इंजिन हवेने थंड होणारे, चार सिलिंडरचे, नव्या रिंगा घालून ओव्हरहॉल केलेले होते. प्रोपेलर दोन पात्यांचा आणि वैमानिकाच्या जागेवरून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरणारा होता. अंदाजित स्टॉल-वेग, म्हणजे ज्याखाली पंख विमानाचे वजन पेलू शकत नाहीत तो वेग, सुमारे ४५ नॉट धरला होता. चाचणीसाठी निवडलेली डांबरी धावपट्टी १२०० मीटर लांब होती आणि तिच्या शेजारी गवताची एक समांतर पट्टीही उपलब्ध होती.

विमान बांधणारे गृहस्थ अनुभवी वैमानिक होते, परंतु त्यांचा बहुतेक अनुभव नाकाखाली चाक असलेल्या विमानांवरचा होता. टेलव्हीलचे प्रशिक्षण त्यांनी आवर्जून घेतले होते, पण ते कापडी आवरणाच्या, उंच पंखाच्या, संथ विमानावर आणि गवतावर झाले होते. त्यांच्याबरोबर एक सल्लागार होते, ज्यांनी याच नमुन्याचे विमान स्वतः बांधले होते आणि ते नियमित उडवत होते. चाचणीचे नियोजन दोघांनी मिळून केले. पहिले उड्डाण कोणी करायचे हा प्रश्न मात्र त्या वेळी उघडपणे चर्चेला आला नाही. ते बांधणीकर्तेच करणार, असे सगळ्यांनी गृहीत धरले होते.

पुढचे समजण्यासाठी टेलड्रॅगर जमिनीवर कसे वागते हे थोडे तपशिलाने सांगणे आवश्यक आहे. या विमानांचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. नाक थोडेसे जरी बाजूला वळले, तरी चाकांवर येणारा आडवा जोर गुरुत्वमध्याच्या पुढे लागतो आणि ते वळण आणखी वाढवतो. पिसे पुढच्या टोकाकडे लावलेला बाण जसा हवेत उलटा फिरू पाहतो, तसेच हे आहे. वैमानिकाने वेळेत आवरले नाही, तर विमान स्वतःभोवती गिरकी घेते, ज्याला ग्राउंड लूप म्हणतात. त्यात पंखाचे टोक आणि चाकाचा पाय यांचे नुकसान बऱ्याचदा होते. नाकाखाली चाक असलेल्या विमानात याच्या उलट घडते: तिथे गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे असतो आणि विमान आपोआप सरळ होऊ पाहते. त्यामुळे त्या विमानांवर घालवलेले शेकडो तास पायांना जे शिकवतात, त्यातला बराच भाग इथे उपयोगी पडत नाही.

सुरुवातीचे नियोजन

ठरवलेला क्रम रूढ पद्धतीचा होता. प्रथम चालण्याच्या वेगाने, नंतर १५, २५ आणि ३५ नॉट असे वेग वाढवत जायचे, त्यानंतर शेपूट उचलून एक-दोन धावा घ्यायच्या आणि सर्व ठीक वाटल्यास उड्डाण करायचे. अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनने हौशी बांधणीकर्त्यांसाठी काढलेल्या, ९०-८९ या क्रमांकाच्या सल्लापत्रकातही अंदाजित स्टॉल-वेगाच्या सुमारे ८० टक्क्यांपर्यंत टप्प्याटप्प्याने जाण्याची पद्धत दिली आहे. या विमानासाठी ८० टक्के म्हणजे ३६ नॉट.

तयारीत काटकसर केलेली नव्हती. विमान तिन्ही चाकांखाली वजनकाटे ठेवून, समतल करून तोललेले होते. गुरुत्वमध्य मर्यादेत होता. नाक चढाईच्या कोनात उंचावून इंधनाचा प्रवाह मोजलेला होता. पंपाने इंधन पुरवणाऱ्या रचनेत तो इंजिनाच्या टेकऑफच्या गरजेच्या किमान १२५ टक्के असावा लागतो, आणि तो तसा होता. शेपूट दोराने पक्की बांधून इंजिनाची पूर्ण ताकदीवरची चाचणी झालेली होती. धावपट्टीच्या कडेला रेडिओ आणि अग्निशामक घेऊन एक सहकारी उभा असे.

या नियोजनातली उणीव माझ्या मते एकच होती. प्रत्येक टप्प्याला वेग ठरवून दिला होता, पण त्या टप्प्याने कोणत्या प्रश्नाचे उत्तर मिळवायचे आहे, हे लिहिलेले नव्हते. ‘२५ नॉट : दोन धावा’ एवढीच नोंद कागदावर असली, की दोन धावा झाल्यावर टप्पा पूर्ण झाला असे वाटू लागते, मग त्यातून काही कळलेले असो वा नसो.

अडचण

चालण्याच्या वेगाच्या फेऱ्यांत उजवा ब्रेक मऊ लागत असल्याचे दिसले. नळीत हवा राहिली होती. ती काढल्यावर दोन्ही ब्रेक सारखे झाले. नव्या ब्रेक-लायनिंगला उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे थोडी उष्णता देऊन ती बसवून घेतली. १५ नॉटच्या फेऱ्या निर्वेध पार पडल्या.

२५ नॉटच्या पहिल्या धावेत विमान सरळ गेले, पण थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारे नियंत्रण) बंद करताच नाक उजवीकडे वळले. बांधणीकर्त्यांनी डावे पेडल दाबले. विमान परत आले आणि अपेक्षेपेक्षा जास्त डावीकडे गेले. उजवे पेडल दिल्यावर ते पुन्हा उजवीकडे, आधीपेक्षा जोरात वळले. तीन हेलकाव्यांत विमान मध्यरेषा सोडून धावपट्टीच्या कडेपासून काही मीटरांवर, तिरके होऊन थांबले. नुकसान काही झाले नाही. दुसऱ्या धावेतही हेच झाले, फक्त हेलकावे थोडे लहान होते.

थ्रॉटल बंद करताना नाक उजवीकडे जाणे यात स्वतंत्रपणे आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. या दिशेने फिरणारा प्रोपेलर ताकदीवर असताना विमानाला डावीकडे ओढतो आणि वैमानिक त्यासाठी उजवे पेडल धरून असतो. ताकद एकदम गेली की डावीकडची ओढ जाते, उजवे पेडल मात्र तिथेच राहते. त्याच क्षणी रडरवरून वाहणारा प्रोपेलरचा झोतही ओसरतो आणि रडरचा प्रभाव घटतो. म्हणजे ज्या क्षणी दुरुस्तीची गरज सर्वांत जास्त असते, त्याच क्षणी दुरुस्तीचे साधन दुबळे होते. टॅक्सी चाचणीत धोक्याचा भाग वेग वाढवण्याचा वाटतो, पण प्रत्यक्षात तो वेग कमी करण्याचा असतो. उड्डाण करून उतरताना ही अवस्था एकदा येते, तर टॅक्सी चाचण्यांत ती प्रत्येक धावेच्या शेवटी येते.

बांधणीकर्त्यांनी काढलेला निष्कर्ष सरळ होता: आपल्या पायांना सराव कमी आहे, आणखी आठ-दहा धावा घेतल्या की हात बसेल. सल्लागारांना ते पटले नाही. पहिला हेलकावा सरावाच्या अभावाने येऊ शकतो, हे त्यांना मान्य होते. पण प्रत्येक पुढचा हेलकावा मोठा का होत गेला, आणि तोही केवळ २५ नॉटला, याचे उत्तर त्यात मिळत नव्हते. त्यांचे स्वतःचे विमान या वेगाला असे वागत नसे. शिवाय डाव्या टायरच्या बाहेरच्या कडेवर घासल्याची स्पष्ट खूण होती आणि उजव्यावर तशी नव्हती. नंतर महत्त्वाची ठरलेली ही खूण त्या दिवशी केवळ कोणीतरी खाली वाकून पाहिले म्हणून सापडली.

त्याच सुमारास दुसरी गोष्ट समोर आली. लागोपाठच्या फेऱ्यांमुळे मागच्या एका सिलिंडरचे तापमान इतरांच्या पुढे जाऊ लागले होते. नव्या रिंगा असलेल्या इंजिनाला सुरुवातीचे तास भरपूर ताकदीवर आणि चांगल्या थंड हवेच्या प्रवाहात मिळायला हवेत, तरच रिंगा सिलिंडरच्या भिंतीशी नीट बसतात. कमी ताकदीवर, गरम अवस्थेत, जमिनीवर फार वेळ चालवल्यास भिंतींवर गुळगुळीत थर चढतो, रिंगा बसत नाहीत आणि इंजिन कायमचे तेल पिऊ लागते. म्हणजे बांधणीकर्त्यांना हवा असलेला सराव इंजिनाच्या आयुष्यातून वजा होणार होता.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय होता धावा चालू ठेवण्याचा. त्याच्या बाजूने एवढेच म्हणता येत होते की आत्तापर्यंत नुकसान झालेले नाही. विरोधात वर सांगितलेली कारणे होतीच, आणि त्याहून मूलभूत एक: दोष यंत्रात असेल तर सरावाने तो झाकला जातो, जात नाही. वैमानिक दोषाशी जुळवून घ्यायला शिकतो आणि पहिल्या उड्डाणानंतर उतरताना आडवा वारा आला, की ते जुळवून घेणे अपुरे पडते.

दुसरा पर्याय होता वेगवान टॅक्सी सोडून थेट उड्डाण करण्याचा. हे ऐकायला अविचारी वाटते, पण तसे ते नाही. अनेक अनुभवी चाचणी वैमानिकांचे मत असे आहे की सिद्ध नमुन्याच्या विमानात वेगवान टॅक्सीमधून फारसे कळत नाही, आणि जे कळते त्याची किंमत जास्त असते. त्यांचा हिशोब समजून घेण्यासारखा आहे. शेपूट खाली असताना पंखाचा कोन स्टॉलच्या कोनाच्या जवळ असतो. उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून स्टॉल-वेगाच्या ८० टक्क्यांना पंख विमानाचे जवळजवळ ६४ टक्के वजन पेलत असतात. चाकांवर उरते ३६ टक्के. तेवढ्या वजनावर टायरची पकड आणि ब्रेकची ताकद दोन्ही कमी पडतात. ३६ नॉटला धावणाऱ्या विमानासमोर ९ नॉटची झुळूक आली, तर हवेतला वेग ४५ नॉट होतो आणि ज्या वैमानिकाने आज उडायचे ठरवलेले नाही, तो हवेत असतो. शिवाय २५ वरून ३६ नॉटला गेल्यावर गतिज ऊर्जा दुपटीहून थोडी जास्त होते. गिरकी बसली तर तिचा मार त्या प्रमाणात वाढतो. तरीही या वेळी हा पर्याय बाजूला ठेवला गेला, कारण २५ नॉटला न आवरणारे विमान उतरल्यानंतर त्याच २५ नॉटमधून जाणारच होते.

तिसरा पर्याय गवताच्या पट्टीवर जाण्याचा होता, आणि त्यावर सर्वांत जास्त चर्चा झाली. गवतावर टायर बाजूला सरकतो, त्यामुळे आडवा जोर तेवढा साठत नाही आणि विमान चूक पोटात घालते. बांधणीकर्त्यांचे प्रशिक्षणही गवतावर झालेले होते. सल्लागारांचे म्हणणे असे पडले की गवत विमानाला वाचवील, पण चाकांच्या संरेखनातला दोष असल्यास त्यालाही लपवील. आणि हे विमान पुढे डांबरावरच वापरले जाणार आहे. गवत कारण शोधण्यासाठी नको, दुरुस्तीनंतरच्या पहिल्या फेऱ्यांसाठी हवे, असा मधला मार्ग निघाला.

चौथा पर्याय चाचण्या थांबवून विमान हँगरमध्ये नेण्याचा आणि तोवर वैमानिकाच्या कौशल्याबद्दल कोणतेही अनुमान न करण्याचा होता. तोच स्वीकारला गेला. तो सोपा नव्हता. वर्षानुवर्षे बांधलेले विमान धावपट्टीवर उभे असते, हवामान शांत असते, मदतीला माणसे जमलेली असतात. अशा वेळी इंजिन बंद करून विमान ढकलत परत नेणे हा या प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय होता, असे मी मानतो.

हँगरमधील तपासणी

प्रथम चाकांचे संरेखन मोजले. मोटारींप्रमाणे विमानातही टो-इन म्हणजे चाकाची पुढची बाजू आत झुकलेली असणे आणि टो-आउट म्हणजे बाहेर. टेलड्रॅगरमध्ये टो-इन विशेष घातक असते आणि त्याचे कारण साधे आहे. विमान उजवीकडे वळू लागले की वजन बाहेरच्या, म्हणजे डाव्या चाकावर जाते. त्या चाकाचा रोख आत, म्हणजे उजवीकडेच असेल, तर ते वळण वाढवते. रोख किंचित बाहेर असेल, तर तेच चाक विमानाला परत सरळ आणते. म्हणून शून्य किंवा अगदी थोडे टो-आउट इष्ट मानले जाते.

बांधणीकर्त्यांनी संरेखन पूर्वी मोजले होते आणि कागदावर ते जवळजवळ शून्य होते. पण ते मोजमाप विमान समतल ठेवून, इंजिन आणि पंख बसवण्यापूर्वी घेतलेले होते. लवचिक पाय वजनाखाली पसरतात आणि चाकांचा कोन बदलतो. त्याहून कमी लक्षात येणारी गोष्ट अशी की चाक वरून बाहेर झुकलेले असेल, तर शेपूट खाली बसल्यावर त्या झुकावाचा काही भाग टो-इनमध्ये बदलतो. समतल अवस्थेतले शून्य शेपटीवर बसलेल्या अवस्थेत शून्य राहीलच असे नाही.

या वेळी विमान पूर्ण वजनासह, वैमानिक आत बसवून, शेपूट खाली ठेवून मोजले. प्रत्येक चाकाखाली दोन पत्रे आणि त्यांच्यामध्ये ग्रीस होते, म्हणजे टायर जमिनीला अडकून पायात खोटा ताण राहू नये. मोजण्यापूर्वी विमान थोडे पुढेमागे हलवून पाय मोकळे होऊ दिले. उजवे चाक जवळजवळ सरळ निघाले, डावे सुमारे एक अंश आत. समतल अवस्थेत तेच डावे चाक केवळ पाव अंश आत होते. टायरवरच्या खुणेचे आणि पहिला हेलकावा उजवीकडेच वाढण्याचे कारण मिळाले.

दुसरी तपासणी टेलव्हीलची होती. त्याच्या उभ्या आसाचे वरचे टोक पुढे झुकले की चाक थरथरू लागते. मागची पट्टी-स्प्रिंग वजनाखाली सपाट झाली की असे होते. इथे आस ठीक होता आणि थरथर कधी जाणवलीही नव्हती, म्हणून तो भाग लवकर सोडून दिला. साखळ्यांमध्ये मात्र इतकी ढील होती की पेडलाच्या मधल्या बऱ्याच हालचालीत टेलव्हील हलतच नव्हते. वैमानिक थोडे दाबतो, काही होत नाही, म्हणून जास्त दाबतो, आणि मग एकदम जास्त होते.

तिसरी गोष्ट अपघातानेच पाहिली गेली असती, पण सल्लागारांनी ती मुद्दाम पाहिली. विमान जॅकवर उचलून बांधणीकर्त्यांना नेहमीचे बूट घालून आत बसवले आणि एका सहकाऱ्याने मुख्य चाक हाताने फिरवत ठेवले. बांधणीकर्त्यांनी ब्रेक न लावता फक्त उजवे पेडल पूर्ण दाबायचे होते. पेडल शेवटाला पोचताच उजवे चाक थांबले. पुन्हा केले, पुन्हा थांबले. डाव्या बाजूलाही तेच, थोडे कमी. ब्रेक पेडलाचा माथा बोटांनी दाबून लावायचा होता. पेडल पुढे जाताना तो माथा पायाकडे झुकत होता आणि जाड तळव्याच्या बुटाचे टोक नकळत ब्रेकवर येत होते. त्यांनी पूर्ण रडर दिले की तेवढ्याच बाजूचा ब्रेकही लागत होता, आणि हे त्यांना स्वतःला जाणवत नव्हते. हेलकावे वाढत का गेले, याचे सर्वांत मोठे कारण हे होते.

दुरुस्ती आणि एक वादाचा मुद्दा

डाव्या चाकाच्या आसाखाली पाचरीच्या आकाराची शिम घालून टो-इन काढले. शेपूट खाली असताना दोन्ही चाके शून्य ते अगदी किंचित टो-आउट अशी आली. साखळ्या ढील जाईल इतक्याच आवळल्या, ताण राहील इतक्या नाहीत. ब्रेकच्या मास्टर सिलिंडरची जोडणी बदलून पेडलांचा माथा पायापासून दूर झुकवला आणि बांधणीकर्त्यांनी पातळ तळव्याचे बूट वापरायचे ठरवले. जॅकवरची चाचणी पुन्हा केली तेव्हा पूर्ण रडरलाही चाक मोकळे फिरत राहिले.

तिन्ही दुरुस्त्या एकदम केल्याबद्दल आक्षेप घेता येतो. चाचणीचा नेहमीचा नियम असा की एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे कोणत्या बदलाने काय झाले ते कळते. इथे ते कळले नाही. प्रत्येक दोषाचा वाटा किती, हे आजही कोणी ठामपणे सांगू शकणार नाही. मला हा निर्णय तरीही बरोबर वाटतो. एका-एका बदलाचा नियम कारण अनिश्चित असताना लागू होतो. जे उघड चुकीचे आहे, ते केवळ माहितीसाठी विमानात ठेवून माणसाला पुन्हा धावपट्टीवर पाठवणे समर्थनीय नाही.

पुढच्या चाचण्या

नवे नियोजन प्रश्नांच्या रूपात लिहिले गेले. २५ नॉटच्या टप्प्यासमोर आता ‘थ्रॉटल हळूहळू बंद केल्यावर केवळ पेडलांनी, ब्रेक न वापरता, विमान मध्यरेषेच्या जवळ राहते का’ असे लिहिलेले होते. उत्तर मिळाले की टप्पा संपला. प्रत्येक धावेनंतर ब्रेक-डिस्कचे तापमान दुरून मोजणाऱ्या थर्मामीटरने पाहायचे आणि सिलिंडरचे तापमान ठरवलेल्या मर्यादेखाली येईपर्यंत इंजिन बंद ठेवायचे, असे ठरले. पायांवर रोखलेला एक छोटा कॅमेरा बसवला गेला.

पहिल्या फेऱ्या सल्लागारांनी घेतल्या, आधी गवतावर आणि मग डांबरावर. या नमुन्याचे विमान कसे वागायला हवे हे त्यांच्या पायांना ठाऊक होते. वेगळे काही वागल्यास ते विमानाचे म्हणता आले असते. विमान सरळ धावले. नंतर बांधणीकर्त्यांनी त्याच धावा घेतल्या. थ्रॉटल बंद करताना नाक किंचित उजवीकडे जाई, पण लहानशा डाव्या पेडलाने तिथेच थांबे. कॅमेऱ्यात त्यांच्या टाचा जमिनीवर आणि बुटाची टोके ब्रेकपासून दूर दिसत होती.

शेपूट उचलून धाव घ्यायची की नाही, हा यानंतरचा निर्णय होता. शेपूट उचलल्याने पंखाचा कोन कमी होतो आणि नकळत हवेत जाण्याचा धोका घटतो, पण टेलव्हीलचे सुकाणूही जाते आणि सर्व भार रडरवर येतो. शेपूट झटक्याने उचलल्यास फिरत्या प्रोपेलरच्या जायरोस्कोपी परिणामाने नाक डावीकडे जाते. ती खाली पडताना उजवीकडे. अखेर सल्लागारांनी एकच धाव घ्यायची असे ठरले, आणि तीही उड्डाणाची संपूर्ण तयारी करून: पट्टे आवळलेले, कॅनॉपी (आसनांवरचे पारदर्शक झाकण) बंद, इंधन पुरेसे, कागदपत्रे पूर्ण, वारा जवळजवळ शून्य. धावपट्टीच्या एक-तृतीयांशावर शंकू ठेवला होता. तिथे पोचताच, काहीही दिसत असो, थ्रॉटल हळू मागे घ्यायचे. विमान चुकून उचलले गेले आणि शंकू मागे पडलेला असेल, तर ते दडपून खाली आणण्याऐवजी उड्डाण करून नीट उतरायचे, हेही आधीच ठरलेले होते. असे निर्णय त्या क्षणी घेता येत नाहीत.

धाव शांत झाली. वेगदर्शक जिवंत झाला आणि वाढत गेला, एलिव्हेटरने, म्हणजे शेपटीच्या आडव्या, हलत्या पृष्ठभागाने, शेपूट सहज उचलली, रडरने रोख धरला. दुसरी धाव घेण्याचा मोह झाला असला तरी ती घेतली नाही, कारण विचारायला प्रश्न उरला नव्हता.

परिणाम

पहिले उड्डाण सल्लागारांनी केले. बांधणीकर्त्यांनी हे स्वतः सुचवले, आणि त्यांना ते किती जड गेले असेल याची कल्पना विमान बांधणाऱ्याला सहज येईल. उड्डाणात डावा पंख थोडा जड निघाला आणि चढाईत तेलाचे तापमान अपेक्षेपेक्षा वर गेले. या दोन्ही गोष्टी कोणत्याही टॅक्सी चाचणीत दिसल्या नसत्या. तिन्ही चाके एकदम टेकवून विमान उतरले आणि पायांच्या छोट्या हालचालींवर मध्यरेषेजवळ थांबले.

चाके काढून पाहिली तेव्हा उजव्या ब्रेकचे लायनिंग डाव्यापेक्षा जास्त झिजलेले आढळले. नकळत लागणाऱ्या ब्रेकचा तो उरलेला पुरावा होता. बांधणीकर्त्यांनी सल्लागारांच्या विमानात डांबरी धावपट्टीवर प्रशिक्षण घेतले आणि पंखाची जडता दूर झाल्यावर आपले विमान स्वतः उडवले.

वेगळे काय करता आले असते

संरेखन पहिल्या टॅक्सीपूर्वी, पूर्ण वजनावर आणि दोन्ही अवस्थांत मोजायला हवे होते. वजन तोलण्याच्या दिवशी विमान तयार अवस्थेत उभे असतेच. त्याच दिवशी हे मोजमाप सहज होते. पेडल दाबून चाक फिरवण्याच्या चाचणीला तर दोन माणसे आणि एक जॅक एवढेच लागते, आणि ती बांधणीच्या कितीतरी आधीच्या टप्प्यावर, बदल करणे सोपे असताना करता येते. ती वैमानिकाने उड्डाणात वापरायचे तेच बूट घालून करावी.

पहिल्या उड्डाणाचा वैमानिक कोण, हा प्रश्न टॅक्सी चाचण्या सुरू होण्यापूर्वी ठरायला हवा होता. तो अनुत्तरित राहिल्यामुळे धावा विमानाची चाचणी आहेत की माणसाचे प्रशिक्षण, हे धूसर झाले आणि विमानाचा दोष माणसाच्या खात्यावर जमा होऊ लागला. प्रशिक्षण दुसऱ्या, सिद्ध विमानात घ्यावे. नव्या विमानात एका वेळी एकच अज्ञात पुरेसे असते.

शेपूट उचलून घेतलेली ती एक धाव आवश्यक होती का, यावर दोघांचे आजही एकमत नाही. बांधणीकर्त्यांना वाटते की वेगदर्शक आणि एलिव्हेटर यांचा भरवसा त्याशिवाय आला नसता. सल्लागारांचे म्हणणे असे की वेगदर्शकाची नळी हँगरमध्ये दाब देऊन तपासता येते आणि एलिव्हेटरचे उत्तर टेकऑफच्या पहिल्या शंभर मीटरांत मिळते, जिथे थांबायला जागा शिल्लक असते. विमान सिद्ध नमुन्याचे आणि वैमानिक त्या नमुन्याशी परिचित असेल, तर मी सल्लागारांच्या बाजूने आहे. आराखडा नवा असेल, किंवा शेपटीच्या पृष्ठभागात, इंजिनाच्या जागेत वा चाकांच्या स्थानात बदल केलेला असेल, तर ती धाव घ्यावी, पण वर दिलेल्या सर्व तयारीसह आणि थ्रॉटल मागे घेण्याची खूण धावपट्टीवर उभी करूनच.